मूठभर मीठ

नाळ पडेपर्यंत नाव ठेवत नाहीत आमच्यात.
म्हणून खाटेवरच्या पाटीला नुसतंच:
तदालाचा मुलगा, एकवीसशे ग्रॅम.

न्चालोहून ब्लँटायरपर्यंत ॲम्ब्युलन्स,
बाळाची आतडी पोटाबाहेर, ओल्या कापडात.
बहीण खिडकीकडे तोंड करून बसलेली.
मी कापड उचलून बघितलं.
पंधरा वर्षं बाजारात चंबो मासे साफ केलेत मी,
आत काय असतं मला ठाऊक.
पण आतलं सगळं बाहेर
आणि वर रडतंय,
हे पहिल्यांदाच.

डॉक्टर काफुमुकाचे म्हणाले, घर लहान, माणसं फार,
एकदम आत नाही मावायची.
त्यांनी पारदर्शक पिशवी लावली, वरून दोरीनं टांगली,
रोज सकाळी थोडं थोडं आत सारायचं.
आज दोन बोटं.
आज एक.
आज नाही, फुगलंय.

रात्री मी बाहेर, नातेवाइकांच्या पत्र्याखाली.
तीन विटा, पातेलं, मक्याच्या पिठाचा न्सिमा.
शेजारच्या चुलीवर एनिफा;
तिच्या नातीची अन्ननलिका जोडली होती.
मीठ संपलं की एकमेकींकडे हात पसरायचो.
गुरुवारी तिची चूल पेटली नाही.
विटा होत्या. त्यांच्यावर पातेलं पालथं.
तिचं मूठभर मीठ माझ्याकडे राहिलं,
टाकवेना, वापरवेना.

सहाव्या दिवशी पिशवी रिकामी झाली.
टाके नाही घातले भोकाला,
त्याचीच नाळ वळवून वर बसवली, बुचासारखी.
मी सिस्टरला विचारलं, मग ही पडणार कधी?
ती म्हणाली, अहो, ही पडू नये म्हणून तर खटपट.
मग नाव?
तिला कळलं नाही मी काय विचारतेय.

नाकातल्या नळीतून हिरवं येत होतं,
तोवर दूध बंद.
तदाला पिळायची, मी मोरीत ओतायची,
रोज, वाटी वाटी.
हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं पाणी,
मग दुधाचे थेंब, मोजून,
आणि एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी
लंगोट भरला.

सिस्टर ओरडली. तीन खाटांवरच्या आया उठून आल्या.
डॉक्टर धावत आले हात न धुता,
मग दारातूनच परत फिरले धुवायला.
तदालानं तो घाण लंगोट हातात घेतला,
उघडून बघत राहिली,
मग पहिल्यांदाच पोराच्या तोंडाकडे.

परतीच्या मिनीबसमध्ये
तो तिच्या छातीशी, चितेंजेत बांधलेला,
बेंबी वाकडी, उसवलेल्या बटणासारखी.
कंडक्टरनं पैसे घेताना विचारलं, नाव काय याचं?
माझ्या तोंडून निघून गेलं, लिंबानी. खंबीर राहा.
तदालानं माझ्याकडे बघितलं,
बोलली काही नाही.

माझ्या पदराच्या गाठीत मीठ.
एनिफाचं गाव कुठलं,
विचारायचंच राहून गेलं.