आठपट, साठपट

जळगावहून दोन्ही आणल्या, चार दिवसांच्या बोलीवर.
चोरडियाशेठ म्हणाला, घरी नेऊन बघा, काका,
दुकानात बसून समोरच्या बँकेची पाटी वाचून
कुणाला काय कळलंय?
एक दोन डोळ्यांची, गळ्यात अडकवायची, आठपट.
दुसरी एकडोळी, तीन पायांवरची, साठपटीपर्यंत जाणारी,
किंमतही तशीच पुढे गेलेली.

लासूरच्या आमच्या गच्चीला उत्तरेकडे अडसर नाही.
निंबा पाटलाची केळी, मग कपाशीचं रान, मग पडीक,
मग सातपुडा,
उन्हाळ्यात राखेच्या रंगाचा.
एकतीस वर्षं मी टेलिफोनच्या खांबांवर चढलो.
आता गुडघे गच्चीच्या सोळा पायऱ्यांनाच दमतात.
हर्षदानं पैसे पाठवले: अप्पा, चढू नका, बसून बघा.

पहिल्याच दुपारी चूक केली.
एप्रिल, बाराचा सुमार, आणि लावली साठपट.
डोंगर उकळत होता.
झाडं वितळून खाली यायची, पुन्हा वर जायची.
मी काच पुसली, चष्मा पुसला,
मग कळलं, पुसायची ती हवा आहे
आणि तेवढं फडकं खान्देशात कुणाकडे नाही.

माझा डावा हातही थरथरतो.
चहा कपातून बशीत येतो, न ओतता.
दोन डोळ्यांची धरली की तारेवरचा होला नाचायला लागतो,
म्हणून कोपर कठड्यावर, श्वास रोखून.
तीन पायांची मात्र ठेवली तिथे राहते,
खात्यातल्या जुन्या मुकादमासारखी.

सुंदरबाईला एक डोळा मिटता येत नाही.
एक मिटला की दुसरा त्याच्या संगतीनं मिटतो.
"माले काहीच दिसस नही," ती म्हणाली.
मग मी तिच्या डाव्या डोळ्यावर तळवा धरला.
तिच्या पापण्या तळव्याला लागत होत्या.
चाळीस वर्षांत एवढं एक राहून गेलं होतं.
नंतर तिनं दुसरी उचलली, उलटी धरली,
माझ्याकडे वळवली आणि गप्प झाली.
"कितला दूर गयात तुम्ही!"
मी दोन हातांवर उभा होतो.

तिसऱ्या पहाटे, हवा निवलेली असताना,
लावली ती खांबासाठी.
वैजापूरच्या वाटेवर, टेकडीच्या नाकावर,
शहाण्णव साली आम्हीच रोवलेला;
खड्डा गुलाब पावरानं खणला होता, पहारीनं, दीड दिवस.
आठपटीत तो नुसती रेघ. खांब असेल, ताड असेल.
साठपटीत तो खांबच:
आडवी पट्टी, चिनी मातीच्या दोन पांढऱ्या वाट्या,
पट्टीवर कापशी घार, शेपटी वरखाली करत.
आणि तार नव्हती.

माहीत होतं मला. खात्यानं गुंडाळली असेल,
नाहीतर चोरांनी, तांब्याच्या भावानं.
पण माहीत असणं वेगळं.
वाट्या कशाला धरून बसल्या होत्या, कोण जाणे.
मी पुन्हा आठपट उचलली.
रेघ. तिच्यापुढे धूसर.
धुसरात तार असू शकते.
तिच्यावरून कुणीतरी कुणालातरी
बाळंतपण नीट झालं म्हणून सांगत असू शकतं.

चौथ्या दिवशी पावणेआठच्या एसटीनं
तीन पायांची परत नेली, मांडीवर घेऊन.
शेठ म्हणाला, दोष काय निघाला?
म्हटलं, काही नाही. फार चांगली आहे.
त्यानं पैसे मोजले. मी पुन्हा मोजले.

आता गळ्यातली बहुतेक वेळ तिच्याच गळ्यात असते.
भाजीवाल्याच्या गाडीवर गिलके आहेत की नाहीत
ते तो मारुतीच्या पारापाशी असतानाच कळतं.
एका काचेचं झाकण पहिल्याच आठवड्यात
निंबाच्या केळीत पडलं.
तिथे लोणच्याच्या लहान बाटलीचं बसतं,
जरा घट्ट.