पाच मिनिटं

तिसऱ्या फाटकाच्या अलीकडं, उद्यमबागेत शिरताना
डाव्या हाताला माझी टपरी.
बोर्ड गेल्या साली कन्नडात रंगवून घेतला.
पेंटर म्हणाला, अक्का, नाव तुमचंच लिवलंय.
असंल. मला वाचता येत नाही,
खरं गिऱ्हाईक काय बोर्ड वाचून येत नाही.

भट्टीवरची पोरं येतात.
दिवसभर धुरात राहून धूरच मागतात.
काडेपेटीला टेकबहादूर सलाई म्हणतो,
छपऱ्याचा रामसुभग माचिस,
हुक्केरीचा मुकादम कड्डीपेट्टिगे.
मी सगळ्यांच्या पुढं एकच पेटी सरकवतो,
सुतळीनं बांधलेली. नाहीतर जाती खिशातनं.

नवीन आलेला माणूस मला खिशावरनं कळतो.
पहिला महिना गावाकडची खैनी,
आरशाच्या झाकणाची डबी, हळूहळू हलकी होत जाणारी.
डबी संपली तरी टाकत नाहीत, उघडून वास घेतात.
मग एक दिवस विचारतात, इधर क्या चलता है?
मग सुटी बिडी. मग बंडल.
पगाराला दोन दिवस सिगारेट,
पाकीट वरच्या खिशात, दिसंल असं.
पैसे गावाला गेले की परत बिडी.
तारीख बघायला मला कॅलेंडर लागत नाही.

बाइधर बेहेरा मात्र केळं घ्यायचा.
ओडिशाचा, बारकं पोर, मिशी नीट फुटलेली नाही.
बिडी कधी शिवला नव्हता.
भट्टीवर त्याला कुणीतरी समजावलं:
ओढणाऱ्याला मुकादम पाच मिनिटं बाहेर सोडतो.
जो ओढतच नाही
त्यानं बाहेर जाऊन करायचं काय?

तवा तो आला. एक घेतली.
डोळ्यातनं पाणी येईतोवर खोकला,
आणि फाटकावरनं जाणारी मालगाडी
शेवटच्या डब्यापतोर बघत उभारला.

माझी आई निपाणीला वखारीत होती.
चाळणीवर. बारा वर्सं जर्दा चाळला.
तिच्या हातची भाकरी जरा कडू लागायची,
आमाला वाटायचं, जोंधळाच तसला असंल.
तंबाखूनं आमाला वाढवलं,
तिनं तोंडात कणभर धरली नाही.
मी पण नाही. इकतो तेवढं.

परवा बाइधरनं बिडी पेटवली
आणि तेवढ्यात फोन वाजला. चेहरा दिसायचा फोन.
बायको होती, कडंला म्हातारी.
त्यानं हिकडं बघितलं, तिकडं बघितलं.
आख्खी बिडी टाकायला जीव होईना,
हात लांब करून माझ्याकडं दिली.
दीदी, जरा पकडो.

मी धरली.
तो बोलायला लागला. मोकळा हात त्यांस्नी दाखवला,
फाटक दाखवलं, केळ्यांचा घड दाखवला,
भट्टीच्या बाजूला तेवढा फोन वळवला नाही.
त्याची भाषा मला कळत नाही,
एकच कळत होतं, सारखं येणारं: भल अछि, भल अछि.
आमच्यात पण तसंच म्हणतात,
बरं हाय.

बिडीचं एक असतंय, सिगारेटीसारखं नाही.
ओढली नाही तर विझती.
राख वाढत चालली, टोक काळं पडायला लागलं.
काडी आणि एक लागली असती, ती काय मोठी गोष्ट नव्हं.
खरं त्याचं बोलणं संपत नव्हतं,
आणि तेवढ्यापुरती ती बिडी
माझ्यावर सोपवलेली होती.

मी पाठ फिरवली, बरण्यांच्या बाजूला,
पदर पुढं घेतला
आणि एकदाच आत ओढली.

कडू. वळखीची चव.
भाकरीची.

फोन खिशात घालून त्यानं हात पुढं केला.
थोटूक बघितलं. मला बघितलं.
बुझी नहीं? म्हणाला.
नाही, म्हटलं.
मुकादमाच्या हाकेला अजून दीड मिनिट होतं.