साठी

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
मी वेग बांधतो.
हसू नका, पावतीवर तसंच छापलंय :
‘वेगमर्यादा यंत्र बसवणे व सील करणे, एक नग.’

नग म्हणजे एक डबी. साबणाच्या वडीएवढी.
गिअरबॉक्समधून एक वायर तिला चाकाची खबर आणून देते,
दुसरी जाते डिझेलच्या वाटेवर
आणि काटा साठाला टेकला की तिथं आडवी होते,
उंबऱ्यात झोपलेल्या कुत्र्यासारखी :
चावत नाही,
ओलांडूही देत नाही.
मग वर बसलेल्यानं कितीही रेटू दे पाय,
पेडल खाली जातं ते पोकळ,
आटलेल्या विहिरीत पोहरा जावा तसं.

शेवटी तार ओवायची, शिशाची गोळी पकडीत चेपायची.
कट्.
गोळीवर नंबर उमटतो. एकशे सतरा.
तो मी.

काल रात्री बदरुद्दीन आला डंपर घेऊन.
तुर्भ्याची खडी, देवनारचा काँक्रीट प्लांट,
डोळे तांबारलेले, दाताखाली हिरवी मिरची,
झोप येऊ नये म्हणून.
डॅशबोर्डवर लेकीच्या हॉल तिकिटाची झेरॉक्स चिकटवलेली.
म्हणाला, “मिस्त्री, जरा सैल सोडा.
ऐंशी नका करू. सत्तर.”
जणू कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस चाललीय.
“शेट पैसे देतो पाचव्या खेपेचे.
पहिल्या चार डिझेलात आणि हप्त्यात जातात.
पाचवी साठात बसत नाही.”
मग थांबून म्हणाला,
“शेटलाच बसवा की ही डबी.”
मी म्हटलं, बसवली असती,
पण त्याचा गिअरबॉक्स कुठं असतो, तेच सापडलं नाही कधी.

हसलो दोघंही. मिरचीनं त्याला ठसका लागला.

एकदा सोडलं होतं मी सैल.
एकदाच, असं बायकोला सांगितलंय.
तार डबीच्या बाहेरूनच ओवली, गोळी नीट चेपली,
पाचशे रुपये वरच्या खिशात.
अकरा दिवसांनी हवालदार आला,
प्लास्टिकच्या पिशवीत ती गोळी घेऊन :
“हा नंबर तुझा?”
वाशीच्या पुलाचा उतार, गाडी आडवी, खडी रस्ताभर.
सील मात्र शाबूत होतं. एक ओरखडा नाही.
सील शाबूत, म्हणून मी सुटलो.
ड्रायव्हरचं नाव मी विचारलं नव्हतं,
चहावाल्यानं न विचारता सांगितलं :
शिवपूजन. जौनपूरचा.
पाचशेची ती नोट बरेच दिवस मोडली नाही.
मग मोडली.

पुढच्या महिन्यात मला साठ लागतात.
साठी, बुद्धी नाठी, पोरं चिडवतात शेडमधली.
मी काही बोलत नाही.

बदरुद्दीनला आधी चहा पाजला,
मग वीस मिनिटं झोपवला केबिनमध्येच, काचा उघड्या ठेवून.
तोवर डबी बसवली. तार आतून ओवली,
ओढून पाहिली. पुन्हा पाहिली.

मग दोघं निघालो चाचणीला, फ्रीवेखालच्या रस्त्यानं.
चाळीस. पन्नास. अठ्ठावन्न.
साठाला पेडल पोकळ झालं
आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं,
पायरी चुकलेल्या माणसासारखं.
मागून एक मोटारवाला हॉर्न देत,
शिवी देत निघून गेला.
आम्ही डावीकडे राहिलो.
मिठागरांवरून खारा वारा आत येत होता,
इंजिन एका सुरात चाललेलं.
किती वेळानं, काय माहीत, तो म्हणाला,
“आवाज बरा आहे हिचा. कधी ऐकलाच नव्हता.”

शेडपाशी मला उतरवताना त्यानं विचारलं,
“पाचवी हुकली, तर शेटला काय सांगू?”

त्याला नंबर सांग, म्हटलं.
एकशे सतरा.
म्हणावं, जाऊन विचार त्याला.