विनंती बदली

पाचवीच्या फळ्यावर लिहिलं : कुड यू प्लीज.
खडू सर्दावलेला, शेवटचं अक्षर उमटेना.
गुणवंता हसला. त्याच्या घरी कुड म्हणजे
पऱ्हाट्यांची भिंत, शेणानं लिंपलेली,
पलीकडं शेळी खोकली तर अलीकडं झोपमोड.

मी म्हटलं, अरे, ही विनंती आहे.
पाणी हवं तर 'गिव्ह मी वॉटर' म्हणू नये,
तो हुकूम होतो.
सुकेशनी मेश्राम उभी राहिली.
"सर, कुड तं कॅनचा भूतकाळ सांगतला तुमी.
तहान तं आत्ता लागली.
मंग पानी काल काऊन मागाचं?"

माझ्याकडं बी.एड.चं उत्तर होतं :
एक पाऊल मागं सरकून मागितलं
की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते.
"पान्याले नाही कोन म्हनते जी?"
असं म्हणून ती खाली बसली.

सुटीनंतर पांधणीत तिची म्हैस आडवी,
माझी गाडी अडलेली.
सुकेशनीनं आधी माझ्याकडं पाहिलं,
मग म्हशीला, अगदी फळ्यावरच्यासारखं :
"कुड यू प्लीज मूव्ह."
म्हशीनं एक कान हलवला.
"सरक न वं माय."
सरकली.

रात्री खोलीवर जुन्या अर्जांची फाईल काढली.
विषय : विनंती बदली, यवतमाळहून नागपूर जिल्हा.
कारण : आई नरखेडला एकटी.
अकरा अर्ज. नऊ मराठीत,
सविनय, कृपया, उपकृत होईन.
दोन इंग्रजीत, कारण कुणीतरी म्हणालं
साहेबाला बरं वाटतं.
त्यात वुड होतं, कुड होतं,
इतकी पावलं मागं सरकलो होतो
की टेबलाच्या त्या बाजूनं
दिसतच नसेन.

आईनं कधी अर्ज केला नाही.
फोनवर एवढंच,
"येतं का बाबू? संत्र्याले आंबिया फुटला."
"बघतो," मी म्हणायचो.
आणि मग जेवण झालं का, गुडघा कसा आहे, वगैरे.

आदेश आता आला, एका ओळीचा. विनंती मान्य.
कारणाचा रकाना कुणी वाचला नसावा.
मीही कळवलं नव्हतं
की मागच्या पौषात तो रिकामा झाला.

शनिवारी सकाळची शाळा.
पोरांना कुठून तरी कळलेलं.
हजेरी झाली. "यस सर" म्हणून सगळे बसले,
सुकेशनी बसली नाही.
"सर, कुड यू प्लीज..."
तिथं अडली.
'राहणे'चं इंग्रजी सातव्या धड्यात होतं,
आम्ही चौथ्यात.
तिनं वर पत्र्याकडं पाहिलं,
माझ्याकडं, गुणवंताकडं,
कुणाकडंच तो शब्द नव्हता.
मग जवळ होतं तेच जोडलं :
"...न जी."