थिटा, वि.

शब्दकोशाच्या कामात माझ्या वाट्याला आलीत
'थ'ची तीनशे चाळीस कार्डं.
थिटा, थिटी, थिटं. विशेषण.
अर्थ : हवं तिथवर न पोचणारा.
खाली उदाहरणासाठी दोन ओळी मोकळ्या.

आई गिऱ्हाइकाचं कापड हातावर ताणून म्हणायची,
थिटं आहे गं, बाही बसायची नाही.
पण माघारी कुणालाच पाठवलं नाही तिनं.
काखेत दुसऱ्या रंगाची कळी लावायची,
म्हणायची, हात वर केल्याशिवाय दिसणार नाही.

तोकडा वेगळा. तोकड्याला आपलं तोकडेपण
ठाऊकही नसतं कधी कधी.
उणा हा वहीतला, हिशोबाचा.
थिटा मात्र हात पुढे करतो
आणि बोटभर अलीकडे राहतो.

भाल्या रत्नागिरीला नेव्हीच्या भरतीला गेला
आणि सुकतीच्या होडीनं परत आला.
उंची दीड सेंटिमीटर कमी.
"इथंही थिटाच," अण्णा म्हणाले
आणि सुपारी कातरत राहिले.
त्यानंतर भाल्या दारातून आत येताना वाकायचा,
चौकट डोक्याच्या हातभर वर असूनही.

तवसाळहून जयगडला कासम होडेकरांची होडी.
सुकतीला धक्क्यापर्यंत फळी पोचायची नाही.
मी एकदा म्हटलं, चाचा, फळी थिटी आहे तुमची.
"सकाळी हीच पुरली होती की,"
एवढं बोलून त्यांनी विडी पेटवली.
सगळे बसून राहिलो,
उन्हात, पाणी चढायची वाट बघत.

तेव्हा भाल्या उतरला.
मांडीभर चिखल, कालवांच्या कपच्या,
फळीचं टोक त्यानं खांद्यावर घेतलं.
आधी कोंबड्यांची टोपली गेली,
मग सातवा महिना लागलेली पडवळांची सून,
पोस्टमन, त्याची सायकल,
आणि सगळ्यात शेवटी अण्णा.
अण्णा काही बोलले नाहीत.
फळीवर पाऊल ठेवण्याआधी
फक्त वहाणा काढून हातात घेतल्या.

दोन ओळींत हे बसत नाही.
संपादक म्हणतात, "विहिरीला दोर थिटा पडला" लिहा,
अजून 'थुंकी'पासून पुढचं सगळं बाकी आहे.
लिहिलंय.
तसं त्यात चूक काहीच नाही.