अनुस्वार

डे विटच्या पूर्वेला, नुसता आकडा असलेल्या रस्त्यावर,
व्हर्लिन टॅकेटचं ऐंशी एकर भात
नुकतंच निसवलंय.
लोंबी अजून ताठ. दाणा बोटांत दाबला
तर दूध येतं, बोट चिकट होतं.
ही गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे असं नाही.

जाळी घेऊन पाण्यात उतरते. गुडघाभर बूट.
हात अर्धगोल फिरवायचा, पाऊल, पुन्हा हात.
असे दहा झोके. मग जाळीचं तोंड मुठीत धरून
आत बघायचं कोण कोण आलंय:
चार टाचण्या, एक चतुर (त्याला आधी सोडायचं, तो चिडतो),
लांब मिशांचा हिरवा नाकतोडा,
पाय पुढंमागं ताणून काडीच झालेला कोळी,
आणि ते. वाळल्या गवताच्या रंगाचे, ढालीच्या पाठीचे,
खांद्यांवरचे दोन काटे पुढं रोखलेले.
ढेकण्या.
सात.

आमच्या पुस्तकात पाचाला रेघ आहे. पुढं फवारा.
व्हर्लिन बांधावर, पिकअपला टेकून.
माझ्या ओठांवरून त्यानं सात वाचले.
"विमानाला सांगू?"
गेल्या साली त्याच्या तांदळावर काळे डाग निघाले,
गिरणीनं प्रत उतरवली. किती गेले,
ते तो आजही बुशेलमागे सेंटांत सांगतो.

कोथिंबीर आवडायची मला, या कामाला लागेपर्यंत.
आता हाताला तोच वास, साबणाला न जुमानणारा.

परत फिरताना एक पान उलटलं, म्हणून दिसलं:
अंड्यांच्या दोन ओळी, प्रार्थनेला उभ्या असाव्यात तशा,
अठ्ठावीस.
हिरवी असायला हवीत. पिकली की लालसर.
ही काळी होती.
पुढच्या पानावरही काळी. बांधालगतच्या रानसाव्यावरही.

"शुक्रवारपर्यंत थांब," मी म्हटलं.
"कशासाठी?"
"आत दुसरंच कुणीतरी आहे."
तो हसला नाही. ऐंशी एकर पेरलेला माणूस
अशा वाक्यावर हसत नाही.

पान औषधाच्या रिकाम्या बाटलीत,
तोंडाला जुन्या पायमोज्याचं कापड.
खिडकीत, चहाच्या डब्याशेजारी.
बुधवारी काही नाही.
बुधवारी शेजारच्या शेतावर पिवळं विमान
इतकं खाली आलं की सगळी लोंबी एकदम वाकली.
लोंबी उठली. टाचण्या उठल्या का,
ते बघायला मी गेले नाही.

गुरुवारी रात्री साडेअकराला
एका अंड्याची कड कुरतडली गेली,
आणि भोकातून एक टिंब बाहेर आलं.

तिसरीत मी 'अंडं'वरचं दुसरं टिंब विसरले होते.
केळुसकरबाईंनी अर्धा गुण कापला.
इतकी वर्षं मी ते टिंब बाईंची खोड समजत होते.
तेच हे. सहा पाय, चार पंख, काचेवर चालत होतं.
गांधीलमाशीच्या गोतातलं, पण तिला सांगितलं तर ती हसेल.
गुणगुण नाही, दंश नाही,
जन्मघर म्हणजे दुसऱ्याचं मूल.
मला ते गोड वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.
त्या ओळीही कुणा आईनंच लावलेल्या.

शुक्रवारी दहा झोके: चार.
पुन्हा: सहा.
पुन्हा: चार.
सरासरी व्हर्लिननं माझ्याआधी काढली.
"उन्हामुळं असेल," टोपी मागं सारत म्हणाला.
असेलही. दाणाही तोवर घट्ट व्हायला लागला होता.
मी वाद घातला नाही.

पिकअपची धूळ बसल्यावर
बाटली बांधाच्या गवतात आडवी धरली. कापड काढलं.
काही झालं नाही.
म्हणजे, झालेलं दिसलं नाही.
झटकली, डोळ्याशी धरली. नुसतं पान,
आणि पानावर भोकं, मी मोजली,
सत्तावीस.

एक अंडं अजून बंद, काळं.
ते पान मी परत लोंबीत खोचून आले.