मु. पो. गाडी

चौतीस वर्षं हे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
दुसऱ्यांचे पासपोर्ट छापत होते.
आमच्या कपाटात दोनच, एक यांचा, एक माझा,
पानं कोरी,
उघडले की अजून शाईचा वास.

रिटायर झाले त्या दिवाळीत यांनी आणली
ओझरच्या एका शाळेची म्हातारी व्हॅन.
बाकं काढली, गादी बसवली,
दोन बर्नरची शेगडी, पाण्याचे कॅन,
मागच्या काचेला सासूबाईंच्या
विरलेल्या इरकलीचा पडदा.
पांढरा रंग दोनदा दिला,
तरी खालचा पिवळा डोकावतोच,
आणि ऊन तिरकं पडलं की वाचता येतं:
'सावकाश, मुले उतरत आहेत.'

आम्ही उतरतो सावकाशच.
आधी यांचा गुडघा, मग हे, मग मी.

पहिला मुक्काम पांडवलेणी.
लेक फोनवर हसली, "घरापासून तासाभरावर?
त्यासाठी गाडी घेतली बाबांनी?"
तिला काय सांगू,
खालच्या हायवेवरून उभा जन्म
'एकदा जाऊ' म्हणत गेलो आम्ही.
पायऱ्यांवर सात वेळा बसलो.
वर भिंतीत अक्षरं. कुणी लेणं दिलं,
कुणी पाण्याचं टाकं,
दिलं आणि नाव कोरून घेतलं.
हे हात मागे बांधून बघत राहिले,
साहेब पाहणीला येत तसे.
मग म्हणाले, "ठसा खोल आहे. काम चांगलं."

चांदवडला भाच्याकडे.
रंगमहालाच्या दाराला कुलूप,
म्हणून कुलूप बघितलं,
तेही जुनंच होतं.
भाचेसून म्हणाली, "मामी, घर असताना दारात झोपता,
लोक काय म्हणतील?"
लोक आले आणि म्हणाले,
"काकू, आत बघू का जरा?"
रात्री अकरापर्यंत शेगडी चालू होती.
निघताना अर्धं पोतं कांदे. गाडीला वास लागला
तो येवल्यापर्यंत पुरला.

तिथे नात ईरा म्हणाली, "आजोबा, शाळेत पत्रलेखन आहे,
पत्ता काय लिहू?"
"लिही, मु. पो. गाडी.
तिकीट मीच छापलंय, पोचेल."
तिने खरंच लिहिलं.
बाईंनी एक मार्क कापला.

सिन्नरला मात्र यांनी गाडी
गोंदेश्वरापाशीच थांबवली.
खांब मोजत बसले.
चुकले, परत पहिल्यापासून.
मला कळलं. तिथून वन्संचं घर चार गल्ल्या,
आणि अकरा वर्षं.
सासूबाईंच्या पाटल्यांवरून. त्या पाटल्या आता
नेमक्या कुणाकडे आहेत
कुणालाच सांगता यायचं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "चला, डिझेल जळतंय."
गाडी बंद होती.

वन्सं दारात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या.
'ये' नाही, 'बस' नाही.
काठी टेकत सरळ गाडीपाशी आल्या,
मागून वाकून बघितलं.
"यात झोपता?"
"हो."
मग बोटांत पडद्याचा काठ धरून
खूप वेळ काही बोलल्या नाहीत.
"हे आईचं."
"हो."
"कापलंस?"
मी गप्प.
त्या आत चढल्या, गादीवर बसल्या,
पाय वर घेतले.
"चहा इथेच कर. साखर कमी.
आणि आज रात्री मी इथे. तुम्ही जा घरात."

आम्ही त्यांच्या पलंगावर, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली.
हे दोनदा उठले.
"हँडब्रेक बघून येतो," म्हणाले,
आणि दोन्ही वेळा बराच वेळ आले नाहीत.

सकाळी गादीची घडी नीट.
मागची काच उघडी.
वन्सं स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होत्या,
पदराखाली कसली तरी चुंगडी.
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
डब्यात सहा थालीपीठं आणि
लसणाची चटणी, यांना आवडते तशी,
खोबरं न घालता.

घोटीच्या रस्त्याला लागलो.
सिन्नर बराच वेळ काचेत होतं.
हे आरशात बघून म्हणाले,
"आता मागचं सगळं दिसतंय."
मी म्हटलं, "पुढे बघा. ट्रक आहे."